हातोड्यावर तपासलेली पावडर

"जे ठोकल्यावर वाजत न्हाई, त्येच्यावर आपून पाय देत न्हाई," असं हनुमंत ओव्हाळ एकदा म्हणाला होता.

तो रेल्वेत चावीवाला होता. कामशेतपासून कान्ह्यापर्यंतचा रूळ त्याच्याकडे. सकाळी एका लायनीनं उताराउतारानं कान्ह्याकडे जायचं आणि दुपारी दुसऱ्या लायनीनं चढ अंगावर घेत परत यायचं. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला पाना, काखेत लाल-हिरवी निशाणं. रुळाला जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात आणि चावीवाला त्या पुन्हा ठोकून बसवतो. घट्ट चावी टणकन वाजते. सैल चावी थप्प करते. सतरा वर्षं हे दोनच आवाज हनुमंत ऐकत आला होता. इतकी वर्षं एकाच गोष्टीला कान लावून बसलेल्या माणसाचा चेहराही हळूहळू तसाच होतो. समोरचा बोलत असताना तो मान जराशी कलती करायचा. तुमच्या बोलण्यात कुठं थप्प वाजतंय का, ते पाहत असावा.

मी तेव्हा कामशेत स्टेशनात तिकिटं द्यायला होतो. पहिल्या वर्षी तो माझ्याशी फक्त घड्याळाबद्दल बोलला. स्टेशनचं घड्याळ दोन मिनिटं मागं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरं निघालं, पण त्याला त्याचा आनंद झाला नाही. त्याला ते आधीच ठाऊक होतं.

त्याचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. शेर जाऊन किलो आले, तेव्हा तो घरून जुनं मापटं घेऊन वाण्याकडे जाई आणि तांदूळ दोनदा मोजून घेई. दुधाला नाक लावल्याशिवाय तो चहा पीत नसे. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम मारुती त्याला म्हणायचा, "हनुमंता, मेल्यावर तुला नेताना आमी खांदा द्यायचा का आधी तिरडी ठोकून दावायची?" त्यावर हनुमंत शांतपणे म्हणायचा, "बांबू कुणी आणलाय त्यावर हाय."

हा संशय त्याला रेल्वेनं दिला नव्हता. तो बेडशाचा. लेण्यांच्या पायथ्याला त्यांचं भाताचं खाचर होतं. वडिलांच्या छातीत कळा येऊ लागल्या तेव्हा हनुमंत पंधरा-सोळा वर्षांचा होता. भगतानं छातीवर राख चोळली आणि एक पुडी दिली. रोज सकाळी चिमूटभर, पाण्यातून; छातीला बळ येईल, अंगात जोर येईल. वडिलांनी ती एकही दिवस न चुकवता घेतली. औषध घेण्यात त्यांच्याइतका नेमाचा माणूस मिळाला नसता. भाताची लावणी चालू असताना ते चिखलात बसले ते बसलेच. पुडी कमरेला तशीच होती, अर्धी उरलेली.

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आलेल्या बेडशाच्या चार माणसांत हनुमंत होता. परत आल्यावर त्यानं घरातले देव, गंडेदोरे, अंगाऱ्याची डबी, सगळं एका फडक्यात बांधलं आणि इंद्रायणीत सोडलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "येसू, हितून पुढं या घरात मीठ, मिरची आन् हळद सोडून कसलीबी पूड येनार न्हाई." येसूबाईनं मान डोलावली. तिच्या भावाच्या घरीही तेच झालं होतं. तिला देव गेल्याचं फारसं वाटलं नाही. नवऱ्याचं तोंड तेव्हा कसं दिसत होतं, तेवढं तिच्या लक्षात राहिलं. ते उजळलं होतं, असं ती मला सांगायची.

चौसष्ट साली पाऊस संपत आला तेव्हा हनुमंतला दम लागू लागला. सकाळच्या उताराला काही नाही. परतीच्या चढाला, ओढ्याच्या मोरीपासून स्टेशनपर्यंतच्या शेवटच्या मैलात, छाती धरायची. विजेच्या तारांचे खांब तिथं ओळीनं उभे आहेत, प्रत्येकावर आकडा. हनुमंत एका खांबाला हात लावून थांबे, वाकून एखादी चावी बघितल्यासारखं करी, मग पुढं जाई. आधी एकदा. मग दोनदा. दिवाळीपर्यंत तीनदा.

डिसेंबरात त्याची मेडिकल होती. दर काही वर्षांनी लोणावळ्याला रेल्वेचा डॉक्टर तपासतो, आणि छाती कमजोर निघाली की चावीवाल्याला बीटवरून, म्हणजे त्याच्या वाटणीच्या रुळावरून, काढून फाटकावर बसवतात. गाडी आली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं. पगारात फार फरक पडत नाही. पण हनुमंतच्या दृष्टीनं फाटकवाला म्हणजे स्वतः काही न तपासता दुसऱ्यानं वाजवलेल्या घंटीवर विश्वास ठेवणारा माणूस. ते काम त्याला जमलं नसतं. ते त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दिवाळीनंतर तो फाटकाजवळून जाताना तिकडं बघत नसे.

अशा दिवसांत निवृत्ती आला. निवृत्ती पूर्वी एका डॉक्टराकडे कंपाउंडर होता. आता सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून तो 'हृदयबल' नावाची पावडर विकत फिरायचा. लाल डबा, त्यावर सिंहाचं चित्र. रोज एक चमचा दुधातून. हृदयाला बळ, दिवसभर तरतरी.

रेल्वेच्या चाळीपुढं सायकल लावून निवृत्ती म्हणाला, "हनुमंतभाऊ, छातीत धडधड होते का?"

"गाडी गेली की रूळबी धडधडतोय."

"चेष्टा करू नका. तुंगार्लीला रिटायर जज्जसाहेब आहेत, पासष्ट वय. रोज एक चमचा घेतात आणि तळ्याला दोन फेऱ्या मारतात."

"त्यास्नी दुसरं काम न्हाई म्हणून मारत्यात. हातोडा द्या, मग बघू किती फेऱ्या मारत्यात."

"बरं, पहिला डबा फुकट घ्या. गुण आला तर पुढचा घ्या."

"फुकट?" हनुमंतनं मान कलती केली. "मग तर नगंच."

निवृत्ती हसला, टोपी नीट केली आणि पुढच्या दारी गेला. संध्याकाळी हनुमंत आंघोळ करत असताना येसूबाईनं चार अंडी देऊन एक डबा घेतला. फुकटचा चालणार नाही, हे तिला माहीत होतं.

डबा दिसला तेव्हा त्यानं पहिल्यांदा वास घेतला. मग चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात धरली. तपकिरी, भुसभुशीत, कडवट गोड. तो बराच वेळ हातावरच्या त्या पुडीकडे बघत राहिला.

"ह्याच्यात काय हाय?"

"मला काय ठावं? औषध हाय."

"डब्यावर काय लिवलंय?"

येसूबाईला वाचता येत नव्हतं. त्याला येत होतं. डब्यावर बळ होतं, तेज होतं, तरतरी होती, सिंह होता. आत काय आहे ते कुठंच नव्हतं.

"अंगारा हाय हा," तो म्हणाला. "डबा बदललाय फकस्त."

"मग टाकून द्या. पर टाकायच्या आदी ठोकून तरी बघा की. तुमीच म्हणता ना."

हे तिनं सहज म्हटलं होतं की विचार करून, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. पण तो अडला. न ठोकता फेकणं म्हणजे न ठोकता पाय देण्यासारखंच.

त्यानं चाचणी ठरवली. आठ दिवस घ्यायची, आठ दिवस नाही. परतीच्या शेवटच्या मैलात किती वेळा थांबावं लागतं ते बघायचं. जिथं थांबला त्या खांबाच्या बुडाशी तो खडूची बारीक रेघ मारी आणि संध्याकाळी घरात दाराच्या मागं आकडा लिही. गँगमध्ये ही बातमी पसरली तेव्हा मारुतीनं विचारलं, "आरं, आन् पावडरीला गुण आला तर तिला रेल्वेत भरती करायची का?"

पहिले आठ दिवस तो बकरीच्या दुधातून चमचाभर पावडर घेत होता, तोंड वाकडं करून, विष घेतल्यासारखी. थांबणं तीनदाच होतं, शेवटच्या दोन दिवसांत दोनदा झालं. आठव्या दिवशी त्यानं खिळ्यानं डब्याच्या आतल्या बाजूला पावडरीच्या पातळीवर रेघ ओढली. उन्हानं रूळ सरकतो का ते बघायला रेल्वेत रुळावर अशीच रेघ मारतात. मग झाकण लावून डबा फळीवर ठेवला.

दुसऱ्या आठ दिवसांत पावडर बंद. आणि थांबणं कमी होत गेलं. दोनदा, दोनदा, एकदा. शेवटचे तीन दिवस तो मोरीपासून स्टेशनपर्यंत एकदाच थांबून आला आणि तेही, त्याच्या म्हणण्यानं, एक चावी खरोखरच सैल होती म्हणून.

मी त्याला इतका बोलताना कधी पाहिलं नव्हतं. प्लॅटफॉर्मवर चहाच्या टपरीपुढं तो उभा होता आणि गँगची माणसं भोवती. निवृत्तीही सायकल धरून उभा होता. त्याचं तोंड उतरलेलं.

"घेतली तवा तीनदा थांबलो. सोडली तवा येकदा," हनुमंत सांगत होता. "म्हंजी पावडर छातीवर बसती. सिंह न्हाई ह्यो, घोरपड हाय."

"भाऊ, अशी आठ दिवसांत कुणी परीक्षा करतं का?" निवृत्ती म्हणाला. "तीन महिने घ्यावी लागते."

"भगतबी असंच सांगायचा. आणखी थोडे दिस, आणखी थोडे दिस."

"मी भगत आहे का?"

"त्याची सायकल नव्हती, येवढंच."

माणसं हसली. गँगमधल्या दोघांनी घेतलेले डबे तिथल्या तिथं निवृत्तीला परत केले. डबे पेटीत ठेवण्याआधी त्यानं एकेक डबा बाहीनं पुसला, सिंह वर येईल असा लावला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस कदाचित स्वतः ती पावडर खरी मानत असेल. पण तसं वाटण्याला काही आधार नव्हता. लबाड माणूसही आपला माल पुसून ठेवतो.

त्याच संध्याकाळी हनुमंतनं फळीवरचा डबा फेकून देण्यासाठी उचलला. सवयीनं झाकण उघडलं. पावडर रेघेपासून तीन बोटं खाली गेली होती.

तो डबा घेऊन चुलीपाशी आला. येसूबाई नाचणीच्या भाकरी थापत होती. नाचणीचं पीठ आणि ती पावडर, दोन्हींचा रंग एक. त्यानं परातीतल्या पिठाला बोट लावून चाखलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"किती दिस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "आठीच्या आठी दिस."

"मला अंगारा चारलास तू."

"व्हय, चारला."

"मी समद्या गावाला सांगून आलो, सोडल्यावर बरं वाटतंय म्हणून."

"मला काय ठावं तुमी गावाला सांगनार ते?" तिनं भाकरी उलटली. "तुमी खांब मोजता. मी चाळीच्या मागं उभी राहून तुमास्नी मोजते. निळा सदरा थांबला की मी येक बोट दुमडते. दिवाळीपासनं मोजतिया मी. आठ दिस घेतली तवा कमी व्हायला लागलं हुतं. आन् तुमी बंद करनार. मग काय करू? बघत बसू?"

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं की मेडिकलपर्यंत तो स्वतःच्या हातचंच खाणार. वेगळी चूल मांडली, तीन दगडांची, चाळीच्या कडेला. भाकरी त्याच्या हातानं धड गोल होत नव्हती. चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघत. येसूबाई शेजारच्या शालूबाईला म्हणाली, "बघू दे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आता धनी सैपाक शिकत्यात." हसून म्हणाली, पण त्या दिवसापासून ती दुपारी चाळीच्या मागं लवकर जाऊन उभी राहू लागली.

त्या आठवड्यात दाराच्या मागं आकडा लिहिला गेला नाही. खांबांच्या बुडाशी नवी खडूची रेघ दिसली नाही. मी चौकशी केली तेव्हा हनुमंत म्हणाला, "मनातच मोजतोय." चेहरा राखेसारखा झाला होता. भाकरी कच्ची राहत असेल, भांडणानं झोप येत नसेल, पावडर सुटल्याचं असेल, थंडीचं असेल. कारणं एवढी झाली की त्यातलं एकही पकडता येईना. चाचणीत एकच गोष्ट बदलायची असते, आणि त्याच्या घरात आता एकही गोष्ट पहिल्यासारखी राहिली नव्हती. गँगला त्यानं रेघेचं किंवा पिठाचं काही सांगितलं नाही. निवृत्ती त्या बाजूला फिरकायचा बंद झाला होता.

मेडिकलच्या दिवशी येसूबाई डबा पिशवीत घालून तयार राहिली.

"तू कशाला?"

"डॉक्टराला दावते. त्यो शिकलेला हाय. त्यो सांगंल अंगारा हाय का औषध."

हे त्याला पटलं असावं. पावडर थोतांड आहे, असं शिकलेल्या माणसानं त्याच्या बाजूनं सांगावं, हे त्याला हवंच होतं. दोघं लोकलनं लोणावळ्याला गेली. पुढचं मला येसूबाईनं सांगितलं, वर्षभरानं, आणि एकदाच.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. त्यानं हनुमंतचे डोळे तपासले, रंगीत दोरे ओळखायला लावले. मग सदरा काढायला सांगून छातीला नळी लावली. लावली, सरकवली, पुन्हा तिथंच लावली. "श्वास घ्या. सोडा. धरून ठेवा." बराच वेळ तो ऐकत राहिला.

"काही औषध घेता का?"

तेव्हा येसूबाईला आत बोलावलं गेलं. तिनं डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरनं तो सगळ्या बाजूंनी फिरवून वाचला.

"यात काय आहे ते लिहिलेलंच नाही."

"न्हाई लिवलेलं," हनुमंत म्हणाला. आवाजात जरा समाधान होतं.

"मग मी काय सांगणार? चांगली असेल, वाईट असेल, नुसती साखर आणि साल असेल. किती दिवस घेतली?"

हनुमंतनं चाचणी सांगितली. आठ दिवस घेतली ते, आठ दिवस पिठातून गेली तेही. बायकोसमोर ते लपवण्यात अर्थ नव्हता. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकला. त्याला मजा वाटत होती. "म्हणजे सोळा दिवस झाले. तीनवरून एक. आणि त्यानंतर?"

"त्यानंतर माज्या हातचं खाल्लं. पावडर न्हाई."

"हां. तेच महत्त्वाचं. मग किती वेळा थांबावं लागलं?" डॉक्टरनं फॉर्म पुढं ओढला. "नीट आठवून सांगा. छातीत मला थोडी खरखर ऐकू येतेय. पण तुम्ही रोज सहा मैल न थांबता चालत असाल, तर मी एक वर्ष बीटवर ठेवायला हरकत घेणार नाही. दम लागतो का?"

हनुमंत समोरच्या भिंतीकडे बघत होता. येसूबाईनं सांगितलं, त्याचा कान नेहमीसारखा कलता नव्हता. मान सरळ होती.

"न्हाई लागत," तो म्हणाला. "येकदाबी न्हाई थांबलो."

डॉक्टरनं पेन टेकवलं.

"चार," येसूबाई म्हणाली.

पेन थांबलं.

"चार डाव थांबत्यात साहेब. परवा पाच. मोरीपाशी येकदा खाली बसले हुते, मी पळत सुटले तर उठून हातोडा मारायला लागले. मी चाळीच्या मागनं रोज मोजतिया. पावडर खरी का खोटी मला ठावं न्हाई. पर ह्ये चार खरं हाईत."

डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. "ओव्हाळ, यावरून पावडरीचं काहीच ठरत नाही," तो म्हणाला. "ती बंद केल्यामुळंही दम वाढला असेल, नसेलही. छातीचं मात्र मला ठरवावं लागेल. तुमचं काय म्हणणं आहे? बाई म्हणतात ते खरं का?"

खोलीत सदरा अडकवायला एक खुंटी होती. हनुमंतनं सदरा काढून घेतला, अंगात घातला, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा. टोपी डोक्यावर बसवली. डॉक्टरनं प्रश्न पुन्हा विचारला. त्यानं डॉक्टराकडे पाहिलं नाही, येसूबाईकडेही नाही. दार उघडलं आणि तो बाहेर गेला. त्याच्या मागं डॉक्टरनं 'चार' असं पुटपुटत ते फॉर्मवर लिहिलं.